दुपारनंतरची तारीख

शनिवार, १ मार्च १८००. वारा नैऋत्येचा, सकाळी बोचरा, दुपारी निवळला. उपवासकाळाचा चौथा दिवस. बटाटे अकरा उकडले, दोन किडके निघाले. कॉर्कहून वकिलाचा कारकून आला; त्याच्या बुटांचा चिखल थेट चुलीपर्यंत. त्याला गेल्या चौदा ऑगस्टचं पान वाचून दाखवलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं, पण लिहिलं होतं ते वाचलं. नॅनला गाठोडं बांधायला माझी करडी घोंगडी दिली. उद्या डर्मटची मिस्सा.

गोबनेट कोगनच्या घरात अशा अठ्ठावन्न वर्षांच्या वह्या होत्या. काही चांगल्या कागदाच्या, काही साखरेच्या पुड्यांचे कागद शिवून केलेल्या, एक तर जुन्या समुद्री नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. दहा वर्षांची असताना तिच्या बापानं तिला दारूच्या पिंपांबरोबर गलबतात बसवून फ्लँडर्सला, ईप्र गावच्या मठात शिकायला धाडलं होतं. आपल्याकडे तेव्हा राजाच्या कायद्यापायी आपल्या धर्माच्या मुलींना शाळा नव्हती. तिथल्या मदर स्कोलास्तिकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "निजण्याआधी दिवसभराचं देवापुढे मांडायचं. आठवत नसेल तर लिहून ठेव. वाटलं ते लिहू नकोस, झालं ते लिही." मुलगी मठातून परत आली तोवर बापाचा व्यापार बुडाला होता. पुढे तिनं राजाच्या जहाजावर सुकाणू धरणाऱ्या डर्मट कोगनशी लग्न केलं, दोन मुलं जन्मली आणि गेली, डर्मटही गेला. वही मात्र एक दिवस चुकली नाही.

आमच्या कॅरिगदुवच्या कड्यावर शंभरेक माणसं राहत असतील. गाय कधी गाभण राहिली, गारा कुठल्या रविवारी पडल्या, शेजाऱ्यानं जाळं नेलं ते सणाआधी की सणानंतर, असा कुठलाही वाद निघाला की "कोगनबाईंच्या वहीत बघा" म्हणून दोन्ही बाजू तिच्या दाराशी यायच्या. ती चष्मा लावायची, पान काढायची, वाचायची, मिटायची. कुणाची बाजू घेतली असं कुणी म्हटलं नाही.

एकच गोष्ट लोकांना खटकायची. डर्मट समुद्रावर तापानं गेला तेव्हा जहाजाच्या कप्तानाचं पत्र आलं होतं: तीन मार्च, दुपारी पाच वाजता. ते पत्र अख्ख्या गावानं ऐकलं होतं. तरी गोबनेट दरवर्षी त्याच्या आत्म्यासाठीची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, दोन मार्चला करायची. विचारलं तर म्हणायची, "माझा नवरा दोनलाच गेला." पेग टूमी, खालच्या घरातली, तोंडाची फटकळ, म्हणायची, "नवरा मेल्याचा दिवससुद्धा बाईंना आपल्या मर्जीचा हवा!" गोबनेट हसून सोडून द्यायची.

त्या शनिवारी कारकून आला तो ह्याच पेगच्या सुनेसाठी, नॅनसाठी. नॅनसाठी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या अकरा घरांसाठी. 'ग्रे हेरन' नावाची राजाची लहान लढाऊ बोट, दोन डोलकाठ्यांची, गेल्या नोव्हेंबरच्या वादळात बुडाली. माणसांसकट बुडाली, आणि जहाजाच्या रोजनाम्यासकट. त्यात आमचे अकरा जण होते. पेगचा मुलगा, नॅनचा नवरा कॉर्मक, त्यातलाच.

त्याआधी ऑगस्टमध्ये 'ऑरेलिया' ह्या मोठ्या जहाजानं एक फ्रेंच जहाज पकडलं होतं. ग्वादलूपहून साखर, कॉफी आणि नीळ भरून निघालेलं, वाऱ्यानं उत्तरेला फेकलेलं. ते विकून चोवीस हजार पौंड आले. आता जुना रिवाज असा, की पकडताना राजाचं दुसरं कुठलं जहाज दृष्टीच्या टप्प्यात असेल, तर त्यानं एक तोफ डागली नसली तरी त्याच्या माणसांना वाटा मिळतो. ग्रे हेरन दिसत होती, असं कॉर्मकनं सप्टेंबरात घरी येऊन छातीठोक सांगितलं होतं. ऑरेलियाचा कप्तान म्हणत होता, कुणी नव्हतं.

"मिळालं तर किती मिळेल?" नॅननं दाराशीच विचारलं होतं.

"खलाशाला एकोणीस-वीस पौंड," कारकून म्हणाला. त्याचं नाव टिस्डल. डब्लिनचा, पंचवीस-सव्वीसचा, नाकाचा शेंडा थंडीनं लाल.

वीस पौंड म्हणजे खलाशाचा सव्वा वर्षाचा पगार. नॅनला एवढ्यात मासेमारीच्या बोटीत पाव हिस्सा मिळाला असता आणि ती घरी राहिली असती. नाहीतर पंधरा मार्चला न्यूफाउंडलंडचं जहाज सुटणार होतं. तिथल्या एका मासे खारवणाऱ्याच्या घरी तीन वर्षं मोलकरीण म्हणून तिचं नाव लागलं होतं. तीन वर्षांच्या लेकीला, बिडीला, नेता येणार नव्हतं. ती गोबनेटकडे राहायची, असं ठरलं होतं. परत येईल तेव्हा पोर आपल्याला ओळखणार नाही, हे नॅन एकदाच बोलली, आणि मग पुन्हा त्या विषयावर गेली नाही.

"पण साहेब," चुलीशी बसलेली पेग म्हणाली, "हे पैसे राजा देतो कशाला? एरवी आमच्या चुलीवरसुद्धा कर लावतो तो!"

टिस्डल घसा खाकरून काहीतरी कलम सांगायला लागला. गोबनेटनं त्याला थांबवलं. "तुम्ही चहा घ्या. दूध नाही, उपवासकाळ आहे. पेग, मी सांगते. युद्धात समुद्रावर शत्रूचं जे हाती लागतं ते कायद्यानं राजाचं. पण नुसत्या पगारावर वादळात कोण जाणार? म्हणून प्रत्येक युद्धाच्या सुरुवातीला राजा जाहीर करतो, की माझा हक्क मी सोडला, ज्यांनी पकडलं त्यांनी वाटून घ्या. मठात आम्ही फ्रेंच शिकलो तेव्हा कळलं, ह्या पैशाचं नाव, 'प्राइझ', मुळात 'पकडलेलं' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलंय. त्यात बक्षीस दिल्याचं काही नाही. दुसऱ्याच्या हातातून ओढून घेतलेलं."

"राजाचा हक्क कुठून झाला? त्यानं काय वल्हं मारलं होतं?"

"ते त्यालाच विचार."

"आणि नुसतं दिसल्याचे पैसे?" नॅननं विचारलं.

"शत्रू एका जहाजाशी लढतो," गोबनेट म्हणाली. "क्षितिजावर दुसरं शीड दिसलं की त्याचा धीर सुटतो. झेंडा उतरवतो. त्या भीतीत दोघांचाही वाटा."

पेगनं मान डोलावली. "मग आमचं घरही समुद्रावरून दिसतं. आम्हालाही द्या."

टिस्डल हसला, आणि तेवढ्यावर त्याचं हसू संपलं. त्याला साक्षीदार हवा होता. ग्रे हेरनची माणसं तळाशी, रोजनामा तळाशी. कप्तानाच्या कागदात लिहिलं होतं: चौदा ऑगस्ट, दुपारी चार, ओल्ड हेड भूशिराच्या दक्षिणेला नऊ मैल. कॅरिगदुवच्या कड्यावरून नऊ मैलांवरची शिडं स्वच्छ दिवशी दिसतात. किनाऱ्यावर रोज लिहिणारं माणूस एकच, असं त्याला जवळच्या किन्सेल बंदरात तिघांनी सांगितलं होतं.

"चौदा ऑगस्ट, कोगनबाई. त्या दिवशी तुम्ही काय लिहिलंय?"

गोबनेटनं पान काढलं. चष्म्याच्या काचा पुसल्या. वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीपासून तिचा आवाज खाली आला.

"बुधवार, चौदा ऑगस्ट. देवमाउलीच्या सणाची पूर्वसंध्या, उपास. पहाटेपासून धुकं, संध्याकाळपर्यंत उठलं नाही. दारातून विहीर दिसत नाही. नॅनच्या दोन कोंबड्या चुकल्या, एक सापडली. वेदीच्या वस्त्रांना इस्त्री केली."

टिस्डलनं टोपी उचलली. तो भला मुलगा होता, पायांकडे बघत म्हणाला, "हे मी माझ्या कागदांत लावत नाही. विरुद्ध बाजूला कळायचं कारण नाही. पण आपली बाजू इथे संपली. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी कॉर्कला जातो."

तो उतारावरून दिसेनासा झाला तसं गोबनेटनं एक पान मागे उलटलं. तिला काहीतरी आठवत होतं. तिनं ते नॅन आणि पेगला वाचून दाखवलं.

"मंगळवार, तेरा ऑगस्ट. लख्ख ऊन. सणासाठी वेदीची वस्त्रं धुतली, काटेरी झुडपांवर पसरली, पाचच्या आत वाळली. चारच्या सुमारास दक्षिणेला तोफा, सात मोजल्या. एक मोठं जहाज, त्याच्यापुढे एक, आणि पश्चिमेला लांब दोन डोलकाठ्यांचं एक. त्याचं पुढच्या काठीचं वरचं शीड तपकिरी, बाकीची पांढरी. नॅनला दाखवायला हाक मारली, ती कोंबड्यांमागे होती."

नॅन उभी राहिली. "तपकिरी? काकू, ती हेरनच! जुलैत त्यांचं शीड फाटलं होतं. कोळ्याच्या होडीचं जुनं शीड चढवलं होतं त्यांनी. त्याला सगळे 'पेगचा परकर' म्हणायचे."

"काय म्हणायचे?" पेग कडाडली.

"कॉर्मकनंच नाव ठेवलं होतं."

पेगच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तसंच थरथरलं. मुलाची आठवण अशी कुठून आडवी येईल ते सांगता येत नाही. मग ती पुढे सरकली आणि वहीवर बोट ठेवून म्हणाली, "मग काय राहिलं? तिनाचा चार करायचा. एक रेघ! आणि ते धुक्याचं पान चुलीत."

"पेग."

"अहो, दिसलं ते खरंच आहे ना?"

"दिसलं तेराला. कप्तान म्हणतो चौदा. आपल्या पराक्रमाची तारीख कुणी चुकवत नाही. तेराला मोठ्या जहाजानं सराव केला असेल, हेरन तिथून जात असेल. चौदाला ती कुठे होती, मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही त्याची शपथ मी घेणार नाही. ही वही मी देवापुढे लिहिते."

"देवाचं काय बिघडतंय? झालं ते त्याला आधीच ठाऊक आहे. टिस्डलला ठाऊक नाही!" पेगचा आवाज चढला. "ही पोर आईशिवाय वाढेल बाई, तुमच्या एका रेघेपायी. वही मोठी की पोर मोठी?"

"आई, पुरे," नॅन म्हणाली. ती गाठोड्यापाशी जाऊन बसली आणि घोंगडीची गाठ, आधीच घट्ट असलेली, सोडून पुन्हा बांधू लागली. "काकूंनी खोटं लिहिलं तर उद्यापासून ह्या कड्यावर कुणाचं काय खरं मानायचं?"

गोबनेटला ह्या वाक्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बिडी तिच्या मांडीवर येऊन चष्म्याशी खेळायला लागली, तेव्हा तिनं चष्मा काढून दिला, जे ती कधी करत नसे.

रविवारी गवती छपराच्या देवळात जागा कमी आणि खोकला जास्त होता. फादर लॉम्बार्ड वेदीकडून वळले आणि नेहमीच्या घाईत म्हणाले, "आजची मिस्सा दोन मार्चला वारलेल्या डर्मट कोगनच्या आत्म्यासाठी."

मागच्या बाकावरून पेगची कुजबूज आली. कालचा राग अजून उतरला नव्हता. "पत्रात तीन आहे."

गोबनेटनं मनातल्या मनात उत्तर दिलं. एकवीस वर्षं देत होती तेच: पत्र समुद्रावर लिहिलंय, बाई.

आणि तिचे जोडलेले हात सुटले.

त्या दिवशीच्या नोंदीत एक ओळ आहे, आधीच्या अठ्ठावन्न वर्षांत कुठेच नाही अशी: "प्रवचन ऐकलं नाही." मिस्सा संपताच तिनं नॅनचा दंड धरला. "बिडीला आजीकडे दे. किन्सेलला जायचंय. मी घरून वही घेते, आणि डर्मटचं जुनं पत्र."

"दोन मैल चालायचं? तुमचा गुडघा?"

"गुडघा येईल मागून."

वाटेत तिनं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी डर्मटचं पत्र आलं होतं: 'नऊ एप्रिलला दुपारी पाच वाजता ओल्ड हेड दिसलं. मी आपल्या धुराड्याचा धूर शोधला, आणि दिसला गं.' गोबनेटनं वही काढली. नऊ एप्रिलला ती बहिणीकडे गेली होती. चूल थंड होती. नवरा घरी आला तेव्हा तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दोन दिवस अबोला. खोटं बोलणारा माणूस पदरी पडला, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी डर्मटनं कारण काढून घेतलं आणि हसत हसत जमिनीवर बसला.

"अगं वेडे, तुमचा दिवस मध्यरात्री सुरू होतो, आमचा भर दुपारी. सूर्य डोक्यावर आला की कप्तान तो मोजतो आणि तिथून नवी तारीख लिहितो. तुझी आठ तारखेची दुपार म्हणजे आमची नऊ. सकाळी आपण दोघं एकाच तारखेत. दुपारी जेवण झालं की मी तुझ्या एक दिवस पुढे."

आठ एप्रिलला ती घरी होती. चुलीवर खारवलेला मासा होता. वहीत तसं लिहिलेलं होतं.

"म्हणून मिस्सा दोनला," नॅन हळूच म्हणाली.

"तीन मार्च, दुपारी पाच. म्हणजे माझी दोन. मी त्या वेळी अंगणात कपडे आत घेत होते. लिहिलंय." गोबनेटनं वही दुसऱ्या काखेत घेतली. "एकवीस वर्षं मी हे रोज जाणते, आणि काल त्या पोरानं सुवाच्य अक्षरात चौदा लिहून आणलं तर ते मला किनाऱ्याचं चौदा वाटलं. घरात समुद्रावरचा माणूस नसला की असं होतं."

किन्सेलच्या खाणावळीत टिस्डल मटण खात होता. तो राजाच्या चर्चचा, त्याला उपवासकाळाची अडचण नव्हती. दोन बायकांना पाहून त्यानं घाईनं ताटावर रुमाल टाकला.

"राहू द्या, खा," गोबनेट म्हणाली. "मिस्टर टिस्डल, तुमची चौदा तारीख कुठून आली?"

"ऑरेलियाच्या रोजनाम्यातून. कप्तानानं तिथूनच उतरवून दिली."

"मग ती तेरा आहे."

तिनं समजावून सांगितलं. टिस्डलनं तीनदा ऐकलं. त्यानं मीठदाणी सूर्य केली, काटा जहाज केला, आणि तरी म्हणाला, "म्हणजे मंगळवारी दुपारी बुधवार? असं कसं होईल, कोगनबाई? कायद्यात दिवस म्हणजे दिवस."

पलीकडच्या टेबलावर एक लेफ्टनंट बसला होता, डावा हात गळ्यात बांधलेला. तो इतका हसला की त्याला दुखरा हात धरावा लागला. "अहो, ह्यांना कुणीतरी एकदा जहाजावर घेऊन जा रे! महाराज, सगळ्या आरमाराची मंगळवारची दुपार बुधवारीच असते. माझा हा हातसुद्धा गोळी लागायच्या एक दिवस नंतर मोडलाय, रोजनाम्याप्रमाणे. बाई, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"नवऱ्यानं. सुकाणूवर होता."

लेफ्टनंट हसायचा थांबला आणि उभा राहिला. तिला खुर्ची त्यानं स्वतः ओढून दिली, एका हातानं.

टिस्डलचे कान लाल झाले होते. त्यानं डर्मटचं धुराड्याचं पत्र वाचलं, मग तेरा ऑगस्टचं पान वाचलं, मग आपल्या चामडी पिशवीतून कप्तानाचा कागद काढून शेजारी ठेवला. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "सात तोफा. इथेही सात." मग तपकिरी शिडापाशी आला, आणि नॅननं परकराचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं तेही लिहून घेतलं, फक्त परकर कुणाचा ते गाळलं.

"हे पान तुम्ही काल का नाही दाखवलंत?"

"तुम्ही चौदाचं मागितलंत."

"आणि ते धुक्याचं वाचलंत. घरात ह्या बसलेल्या असताना." त्यानं वही बंद केली नाही, दोन्ही पानं उघडी ठेवून बघत राहिला. "हे धुक्याचं पान मी लपवणार होतो. आता तेच पहिलं लावतो. स्वतःच्या शेजारणीच्या नुकसानीचं ज्या बाईनं जसंच्या तसं वाचलं, तिच्या आदल्या दिवसाच्या पानावर कोण शंका घेईल? ह्यात एक जरी आकडा गिरवलेला असता ना, कोगनबाई, तर सात तोफाही फुकट गेल्या असत्या."

नॅननं गोबनेटकडे पाहिलं. गोबनेट चष्मा पुसत होती.

सोमवारी सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे तिनं शपथ घेतली. तिला विचारलं, एवढ्या लांबून शीड तपकिरी दिसलं कशावरून? ती म्हणाली, "मी दिवसभर पांढरं कापड उन्हात बघत होते. पांढरं नसलेलं मला लगेच कळलं." मॅजिस्ट्रेटनं कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

परत आल्यावर नॅननं पेगला सगळं सांगितलं, आकडा गिरवण्याचं वाक्य तर दोनदा. संध्याकाळी गोबनेटच्या दाराबाहेर पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. पुढचे अकरा दिवस रोज होत्या.

ते अकरा दिवस लांब गेले. न्यूफाउंडलंडच्या जहाजाचा माणूस दोनदा येऊन नाव पक्कं करून गेला. गाठोडं दाराशीच होतं. बिडीला त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळायची सवय लागली होती, आणि नॅन ते बघत नसे. चौदा मार्चला, शुक्रवारी, दुपारी पत्र आलं. गोबनेटनं उभ्या उभ्याच वाचलं. साक्ष दाखवल्यावर ऑरेलियाच्या वकिलानं आपल्याच जहाजाच्या सुकाणूवरच्या अधिकाऱ्याकडे चौकशी केली होती. त्याच्या टिपणात सापडलं: पश्चिमेला दोन डोलकाठ्यांची एक बोट, पुढचं शीड रंगीत. कप्तानानं भांडण सोडलं होतं. ग्रे हेरनला वाटा मान्य. प्रत्येक खलाशामागे एकोणीस पौंड आठ शिलिंग, उन्हाळ्यात मिळतील.

"माझा परकर!" पेग ओरडली. "चोवीस हजारांत माझ्या परकराचा वाटा!" आणि मग खाली बसली, ॲप्रन तोंडाला लावून. अकरा घरांतल्या बायका एकेक करून वर आल्या. कुणी रडली, कुणी पत्र पुन्हा वाचायला लावलं, एकीनं फक्त कागदावर हात फिरवला.

"काकू," नॅन म्हणाली, "तुम्हीही दृष्टीच्या टप्प्यात होतात. तुमचा वाटा?"

"मला बघून फ्रेंच कप्तानाचा धीर सुटला नाही."

"त्यानं तुम्हाला नीट पाहिलं नसेल," पेग ॲप्रनमधूनच म्हणाली.

सगळ्या गेल्यावर नॅन मागे राहिली. तिच्या मनात एक प्रश्न होता आणि तो तिनं गाठोड्याची गाठ सोडता सोडता विचारला. "हेरन नऊ नोव्हेंबरला गेली. दुपारनंतर वादळ उठलं होतं, तुम्हीच वाचून दाखवलंत. म्हणजे त्यांच्यासाठी ती दहा होती. कॉर्मकची मिस्सा मी कधी करू? त्याच्या तारखेला की माझ्या?"

हा प्रश्न तिनंही एके काळी एकटीनं सोडवला होता, आणि तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

"तुझ्या," ती म्हणाली. "तू त्या दिवशी काय करत होतीस ते तुला आठवतंय ना?"

"बिडीचे केस धूत होते."

"मग तोच दिवस धर. तो तुझ्याजवळ आहे. दुसरा पाण्यात गेला."

नॅननं घोंगडी सोडवली, आतले कपडे काखेत घेतले, बिडीला उचललं आणि उतारावरून घरी गेली. गोबनेटनं शाईची दौत उघडली. पत्राचं तिनं दीड ओळीत लिहिलं, वाऱ्याचं एका ओळीत, आणि शेवटी हे:

"करडी घोंगडी परत आली. एका कोपऱ्याला कसर लागली आहे. ऊन पडलं की बाहेर टाकणे."